समोर बसून रंगवू नका: पिएर बोनारच्या पद्धतीनं नाशिकचा उजेड

नाशिकमध्ये चित्र शिकणारा माणूस पहिल्या-दुसऱ्या वर्षीच गोदाघाटावर जाऊन बसतो. मांडीवर बोर्ड, शेजारी पाण्याचा डबा, समोर नारोशंकराचं देऊळ. जागेवर बसायचं आणि ऊन फिरायच्या आत चित्र संपवायचं, ही इथली शिस्त. शिवाजी तुपे यांच्यासारख्या जलरंगकारांनी ती फार वर नेली. पिएर बोनार या फ्रेंच चित्रकाराची पद्धत नेमकी उलटी आहे. तो विषयासमोर फक्त पेन्सिल घेऊन उभा राहायचा, तेही थोडाच वेळ. रंग सगळा खोलीत, भिंतीला टाचलेल्या कॅनव्हासवर, आठवणीतून आणि चिठोऱ्यांवरच्या नोंदींतून. वस्तू समोर असली की चित्रकार पहिली कल्पना विसरतो आणि वस्तूचीच नक्कल करत बसतो, असं त्याचं म्हणणं होतं.

खाली दिलेली रीत तैलरंगाची आहे. पहिलं चित्र हाताशी यायला दोनेक महिने लागतात. घाई असेल तर ही पद्धत घेऊच नये.

माणूस, कामापुरता

बोनार १८६७ मध्ये पॅरिसजवळच्या फोंतने-ओ-रोझ इथं जन्मला. वडील युद्ध मंत्रालयात अधिकारी. त्यांच्या आग्रहाखातर तो कायदा शिकला, पण जीव चित्रात होता. १८९१ मध्ये एका शँपेनच्या जाहिरातीसाठी त्यानं केलेलं पोस्टर पॅरिसच्या भिंतींवर लागलं, आणि वकिली मागे पडली.

तरुणपणी तो ‘नाबी’ नावाच्या तरुण चित्रकारांच्या मित्रमंडळीत होता. त्यांच्यातल्या सेरुझिएनं १८८८ मध्ये गोगँ या चित्रकाराच्या सांगण्यानुसार रंगवलेली एक छोटी लाकडी फळी आणली होती. पिवळं दिसलं तर ट्यूबमधला सगळ्यात पिवळा रंग लाव, असा त्या फळीमागचा धडा. मग १८९० मध्ये पॅरिसच्या कलाशाळेत जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. बोनार त्यांत इतका रमला की मित्र त्याला ‘अतिजपानी नाबी’ म्हणू लागले. आपल्या कामाच्या गोष्टी इथूनच आल्यात: टेबल वरून पाहिल्यासारखं पुढे कललेलं, माणूस चौकटीच्या कडेला अर्धा कापलेला, कापडाची नक्षी सपाट.

१९१२ मध्ये त्यानं व्हेर्नोने इथं घर घेतलं आणि १९२६ मध्ये दक्षिणेकडे, कान शहराच्या वरच्या टेकडीवर ल कान्ने इथं दुसरं. पुढची वीस वर्षं त्याच घरातलं जेवणाचं टेबल, न्हाणीघर, खिडकी आणि पत्नी मार्त, एवढ्यावर तो रंगवत राहिला. १९४७ च्या जानेवारीत तिथंच वारला. पिकासोला त्याची चित्रं अजिबात आवडत नसत. मातीसनं मात्र त्याची बाजू ठामपणे घेतली.

विषय: स्वयंपाकघर आधी, घाट पुढच्या वर्षी

पहिल्या चित्राला गोदाघाट घेऊ नका. नाशिककराच्या हातात घाट इतका मुरलेला असतो की न पाहताही पायऱ्या, कळस, छत्र्या आणि पाण्यातली उभी प्रतिबिंबं आपोआप उतरतात. त्यात रंगाचा विचार करायला जागाच उरत नाही.

रोज डोळ्यांखाली असलेली आणि कधी नीट न पाहिलेली जागा घ्या. स्वयंपाकघरातलं टेबल आणि त्यामागची खिडकी हा उत्तम विषय. टेबलावर पांढरी चादर घाला. नक्षीचं प्लास्टिक नको, त्याची चमक सगळे रंग खाते. वर चार-पाच वस्तू पुरेत: भांडी बाजारातला पितळी तांब्या, एक स्टीलचा डबा, ताटलीत पेरू किंवा डाळिंब, जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षांचा घड. द्राक्षं हिरवी घ्या. काळी द्राक्षं सुरुवातीला फसवतात, कारण त्यांचा गडदपणा चित्राला भोक पाडतो. घरातलं कुणी दारात, खुर्चीत किंवा गॅसपाशी असेल तर उत्तम, पण ते चौकटीच्या कडेला ठेवा आणि अर्धं कापा. बोनारच्या चित्रात माणूस बरेचदा दुसऱ्या नजरेत सापडतो.

उजेडाचं गणित आधी करून ठेवा. ल कान्ने साधारण ४३.५ अंश उत्तरेला आहे, नाशिक २० अंशांवर. तिथं डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर असतो, म्हणून उन्हाची तिरीप खोलीच्या पार आतपर्यंत येते. नाशिकमध्ये त्याच दिवसांत बाराच्या सुमाराला तो ४६-४७ अंशांवर असतो. तिथल्या दुपारइतका तिरपा उजेड इथं मिळतो दुपारी चारच्या आसपास, नैर्ऋत्येच्या खिडकीतून. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराला सूर्य थेट डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली जाते. तेव्हा खिडकीतून ऊन आत येत नाही, अंगणातल्या फरशीवरून उलटून आलेला उजेड छताला लागतो. हा वरून न येता खालून येणारा उजेड मोठा गमतीचा आहे. पण तो दुसऱ्या चित्राला ठेवा. पहिलं चित्र मार्गशीर्ष-पौषातल्या चार वाजताचं करा.

वही आणि पेन्सिल

खिशात मावेल अशी वही, साधारण १० बाय १५ सेंटीमीटर. टूबी किंवा फोरबी पेन्सिल, टोक बोथट. टोकदार पेन्सिल कडा काढायला लावते. आपल्याला कडा नकोत, कोणता भाग उजळ आणि कोणता दबलेला एवढंच हवंय. खोडरबर घरी ठेवा.

एका रेखाटनाला पाच ते सात मिनिटं. दिवसाला एकच, पण सलग आठवडाभर, त्याच वेळी, त्याच टेबलाचं. जागा मात्र रोज हातभर बदला: एकदा उभं राहून, एकदा दाराच्या चौकटीतून, एकदा टेबलाच्या अगदी कोपऱ्यावरून. सातातलं एखादंच चित्रापर्यंत जातं. बाकीची वाया जात नाहीत. रंगवताना तांब्याचा काठ कुठं होता हे विसरलं की तीच उपयोगी पडतात.

बोनारच्या रेखाटनांत टिंबं, आडव्या रेघा, नागमोडी ओरखडे असे वेगवेगळे ठसे दिसतात. ते छायेसाठी नाहीत, रंगाचा स्वभाव लक्षात ठेवण्यासाठी आहेत. तुम्हीही स्वतःची खूण ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. उदाहरणार्थ: उबदार आणि उजळ भागाला टिंबं, थंड आणि उजळ भागाला विरळ आडव्या रेघा, उबदार आणि गडद भागाला दाट तिरक्या रेघा, थंड आणि गडद भागाला गुंडाळ्या. चारच खुणा. सातआठ केल्या तर महिन्याभरानं स्वतःलाच वाचता येत नाहीत.

समासात शब्द लिहा. तिथं “तांब्या पिवळा” लिहून काही हाती लागत नाही, तो पिवळा आहे हे घरी बसूनही कळतं. तुलना लिहा: “चादरीची सावली भिंतीपेक्षा निळी, पण तेवढीच उजळ.” “डब्याच्या डाव्या अंगाला पेरूचा हिरवा.” “खिडकीबाहेरचं आकाश चादरीपेक्षा गडद.” शेवटची नोंद विचित्र वाटेल, पण हिवाळ्यात उन्हातली पांढरी चादर निळ्या आकाशापेक्षा उजळ असते. जो हे लिहून ठेवत नाही तो घरी येऊन आकाश पांढरंफट्ट रंगवतो.

हवाही लिहा. बोनार खिशातल्या रोजनिशीत रोजची हवा टिपायचा, स्वच्छ की ढगाळ की पावसाळी. फेब्रुवारी १९२७ मधली त्याची एक नोंद प्रसिद्ध आहे: थंड पण स्वच्छ दिवशी नारिंगी सावल्यांत शेंदरी, आणि राखाडीत जांभळा. नाशिकच्या हिवाळ्याला ही नोंद जशीच्या तशी लागू पडते. पहाटे पारा दहाच्या खाली गेलेला, दुपारी आकाश कोरडं, धुरळा कमी, अशा दिवशी पांढऱ्या भिंतीवरच्या सावलीत जांभळा खरोखर दिसतो.

फोनवर फोटो काढायला हरकत नाही. बोनारकडेही कोडॅकचा छोटा कॅमेरा होता. पण फोटोवरून रंग घेऊ नका. फोनचा कॅमेरा सावलीला काळसर करतो आणि उन्हातल्या पांढऱ्याला कोरा कागद करतो. नेमक्या ज्या दोन जागी बोनारचा रंग राहतो, त्याच दोन जागा फोटोत मरतात.

सामान

कॅनव्हास चौकटीवर ताणलेला घेऊ नका. प्राइम केलेला (रंगासाठी आधीच अस्तर दिलेला) सुती कॅनव्हास मीटरवर मिळतो, त्यातून ६० बाय ७५ सेंटीमीटरचा तुकडा कापा. चित्र साधारण ४५ बाय ६० चं होईल, चारही बाजूंना साडेसात सेंटीमीटर सुटतील. ही जागा वाया गेली असं समजू नका. चित्र कुठं संपतं हे बोनार शेवटी ठरवायचा, आणि त्यासाठी कडेला कापड शिल्लक लागतं.

असे तीन तुकडे एकदमच कापा. एकाच वेळी तीन चित्रं चालवायची आहेत, कारण पुढे येईल.

टाचायला थेट भिंत नको. नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, नव्या फ्लॅटच्या बाहेरच्या भिंतीही काही कमी नाहीत. कापडाला मागून बुरशी लागते आणि पुढे कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. १२ मिलिमीटरचा प्लायवूड घ्या, भिंतीपासून दोन बोटं सुटा राहील असा टांगा, आणि कॅनव्हास त्याला दर दहा सेंटीमीटरवर ड्रॉइंग पिन लावून टाचा. ढोलकीसारखा ताणायची गरज नाही. जून-जुलैत कापड सैल पडलं की पिना काढून पुन्हा लावा.

रंग:

टिटॅनियम व्हाइट, ४० मिलीच्या दोन ट्यूब. बाकीचे २० मिलीचे चालतील: लेमन यलो, कॅडमियम यलो किंवा त्याचा ह्यू (तशाच छटेचा स्वस्त पर्याय), यलो ऑकर, व्हर्मिलियन ह्यू (शेंदरी), पर्मनंट रोझ, अल्ट्रामरीन, सेरुलियन किंवा कोबाल्ट ब्लू ह्यू, व्हिरिडियन (थंड हिरवा), आणि एक जांभळा.

स्वस्तातला क्रिम्सन लेक टाळा. उजेडात तो काही वर्षांत उडतो, आणि या पद्धतीत गुलाबी छटा पांढऱ्यात इतकी पातळ होते की उडालेला रंग चटकन जाणवतो. झिंक व्हाइट तैलरंगात एकटा वापरू नका, वाळल्यावर ठिसूळ होतो. जांभळ्याच्या ट्यूबवर डायऑक्साझिन लिहिलं असेल तर तांदळाच्या दाण्याएवढाच काढा, त्याची ताकद भयंकर असते. काळा रंग घेऊच नका. बोनारनं काळा वापरलेला आहे, विशेषतः सुरुवातीच्या कामात. पण शिकणाऱ्याच्या बशीत काळा असला की प्रत्येक सावलीत तो शिरतो.

पॅलेटला पांढरी चिनी बशी घ्या. बोनारकडे तीच असायची. एखादी कडेला टवका उडालेली जेवणाची प्लेट घरात असतेच. पांढऱ्यावर कालवलेला रंग पांढऱ्या कॅनव्हासवर जसा दिसेल तसाच दिसतो, लाकडी पॅलेटवर तो उगाच उजळ वाटतो.

ब्रश: चपटे ब्रिसलचे सहा आणि दहा नंबर, एक गोल चार नंबर. टर्पेंटाइन, जवसाचं शुद्ध केलेलं तेल, जुन्या सुती चिंध्या. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा एकेक पसरून वाळवा, मग टाका. एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच. खिडकी उघडी, टर्पेंटाइनची बाटली बंद.

राखाडीचा सराव, एक संध्याकाळ

कॅनव्हासला हात लावण्याआधी हे करा. जाड कागदावर १० सेंटीमीटरचे तीन चौकोन आखा. एक नारिंगी, एक जांभळा, एक हिरवा भरा, मध्ये दोन सेंटीमीटरची जागा कोरी सोडा. आता एकच राखाडी कालवा: पांढरा तीन भाग, अल्ट्रामरीन एक, आणि यलो ऑकर नि व्हर्मिलियनचं मिश्रण एक. निळसर वाटला तर मिश्रण थोडं वाढवा. हाच राखाडी तिन्ही चौकोनांच्या मध्ये भरा. नारिंगीतला निळसर दिसेल, जांभळ्यातला पिवळसर, हिरव्यातला लालसर. बशीत रंग एकच आहे.

पॅरिसच्या गोबेलँ या गालिच्यांच्या कारखान्यात शव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख होता. तिथं तक्रार यायची की काळी लोकर नीट रंगत नाही, निळ्या-जांभळ्या पडद्यांत ती फिकी दिसते. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारात होती. १८३९ मध्ये त्यानं यावर ग्रंथच लिहिला, आणि पुढचे फ्रेंच चित्रकार त्याचे ऋणी झाले. आपल्याला ग्रंथाची गरज नाही. येवल्याला जाऊन धूप-छाव पैठणी हातात धरा: ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, आणि पदर हलवला की तिसराच रंग चमकतो. बोनारच्या चित्रात भिंतीचा पिवळा असाच विणलेला असतो. ऑकर, फिका जांभळा, गुलाबी आणि लिंबू असे ठिपके शेजारी शेजारी, आणि लांबून एक पिवळी भिंत.

ही चमक साधायची एक अट आहे. शेजारचे ठिपके रंगानं वेगळे हवेत, पण उजळपणात जवळपास सारखे. तपासायला फोन वापरा: कालवलेल्या ठिपक्यांचा फोटो काढून कृष्णधवल करा. ठिपके एकमेकांत मिसळून गेले तर बरोबर. वेगळे दिसले तर त्यातला गडद ठिपका थोडा उजळा. लाल रंगाच्या बाबतीत फोन थोडा चुकतो, तेवढं डोळ्यानं सांभाळा.

भिंतीवरचं काम

पांढरा कॅनव्हास पांढराच ठेवा. आधी मातकट रंगाचा हात मारून घ्यायची सवय अनेकांना असते. इथं नको, कारण शेवटी ठिपक्यांमधून जागोजाग मूळ पांढरा डोकावायला हवा.

वहीतलं निवडलेलं रेखाटन शेजारी टाचा. ऑकर टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करून गोल ब्रशनं पाच-सात मोठे आकार फक्त बसवा: टेबल, खिडकी, दार, माणूस, ताटली. टेबलाची मागची कडा वर चढवा, जणू तुम्ही उभे राहून खाली पाहताय. तांब्या-डबा अजून काढू नका.

पहिला थर: रंग एक भाग, टर्पेंटाइन दोन भाग, तेल नाही. प्रत्येक मोठ्या आकाराला एकच रंग, चिंधीनं घासून. नोंदींतून येईल तो. चादर फिकट निळसर जांभळी, भिंत फिकट नारिंगी, खिडकीबाहेर सेरुलियनमध्ये पांढरा. हा थर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत हाताला कोरडा लागतो, पावसाळ्यात आठवडाही घेतो. तोवर दुसऱ्या तुकड्यावर वहीतलं दुसरं रेखाटन सुरू करा, मग तिसरं.

दुसऱ्या थरापासून रंग ट्यूबमधून निघतो तसा, हवं तर अगदी थोडं मिश्रण घाला: तेल एक भाग, टर्पेंटाइन तीन. पुढच्या थरांत तेल वाढत जाईल, कमी होणार नाही. तेलकट थरावर पातळ थर बसला तर वरचा आधी वाळतो आणि मग तडकतो.

आता ठिपके. नखापासून अंगठ्याएवढे, चपट्या ब्रशनं, एकदा ठेवलेला ठिपका पुन्हा न घोळता. एका आकारात किमान चार रंग, उजळपणा सारखा. चादरीसाठी ही मापं धरून सुरुवात करा (चाकूच्या टोकावर मावेल तो एक भाग):

उन्हातली चादर: पांढरा बारा, लेमन यलो एक.
चादरीची सावली: पांढरा आठ, अल्ट्रामरीन एक, पर्मनंट रोझ अर्धा, ऑकर चिमूटभर.
पेरूजवळची सावली: वरच्याच मिश्रणात व्हिरिडियन पाव.
टेबलाखालून उलटून येणारा उजेड: पांढरा सहा, ऑकर दोन, व्हर्मिलियन एक.

चार ठिकाणचे चार पांढरे, आणि कोराकरकरीत पांढरा एकही नाही. बोनारचं चित्र पाहताना टेबलाचं कापड ‘पांढरं’ वाटतं. त्याच्यावर कोरा कागद धरला की ते निळं, लिंबू, गुलाबी निघतं. आपल्या घरातल्या स्टीलच्या डब्याचं तेच: त्याला स्वतःचा रंग नाही, शेजाऱ्यांचे आहेत. डबा राखाडीनं रंगवला की तो चित्रात परका दिसतो. डाव्या अंगाला पेरूचा हिरवा, उजव्याला भिंतीचा नारिंगी, मध्ये चादरीचा निळा लावा आणि राखाडी विसरून जा.

तीन कॅनव्हास एकदम का, तर बशीत एखादा रंग चांगला जमला की बोनार तो घेऊन सगळ्या चित्रांपुढे फिरायचा आणि जिथं जागा दिसेल तिथं लावायचा. त्यानं दोन गोष्टी होतात: जमलेला रंग वाया जात नाही, आणि एका चित्रात डोळा अडकून बसत नाही. रोजची बैठक तास-दीड तासाची ठेवा. डोळा दमला की प्रत्येक रंग फिका वाटू लागतो आणि हात ट्यूबकडे जातो.

सगळ्यात तिखट रंग शेवटी. शेंदरी, कॅडमियम पिवळा, निव्वळ व्हिरिडियन, यांचे तीन-चारच ठिपके, आणि सगळे मिळून पत्त्याच्या पानापेक्षा मोठे नकोत. डाळिंबाची कड, दारातल्या बाईच्या साडीचा काठ, खिडकीच्या कडेची एक रेघ. घरभर झेंडूच्या माळा आहेत म्हणून घरभर नारिंगी लावली तर माळ दिसतच नाही.

जलरंगाशिवाय हात वळत नसेल तर अपारदर्शक रंग घ्या. पोस्टर कलर सरावाला चालतात, ३०० जीएसएमच्या कागदावर. निव्वळ पारदर्शक जलरंगात हे जमत नाही, कारण इथं उजळ ठिपका गडदावर पुन्हा पुन्हा बसवावा लागतो.

बिघडतं ते

चित्र खडूसारखं भुरकट झालं. हा सगळ्यात मोठा रोग. टिटॅनियम पांढरा प्रत्येक रंगाला थंड करतो: लालात घातला की निळसर गुलाबी, नारिंगीत घातला की साबणासारखा रंग. उबदार रंग उजळताना आधी पिवळा घाला, मग पांढरा. व्हर्मिलियनला लेमन यलो, ऑकरला कॅडमियम यलो.

चिखल झाला. ओल्यावर ओलं घोळवलंत. चाकूनं खरवडा, टर्पेंटाइनच्या चिंधीनं पुसा, दोन दिवस थांबा. वरून नवा रंग मारून चिखल झाकत नाही, तो वर येतो.

सगळंच ओरडतंय. बहुधा उजळपणातले फरक फार पडलेत. चित्राचा कृष्णधवल फोटो काढा. त्यात तीनहून जास्त ठळक पायऱ्या दिसल्या तर सावल्या उजळा. लोक इथं रंग फिका करायला धावतात. रंग ठेवा, गडदपणा काढा.

टेबल भिंतीला चिकटलं, खोली कळतच नाही. थोडं चालतं, बोनारमध्येही वस्तू लगेच उलगडत नाहीत. पण अजिबातच कळत नसेल तर एका कडेवर उबदार-थंडचा फरक वाढवा: टेबलाची कड लिंबू, मागची भिंत जांभळट. काळी बाह्यरेषा मात्र ओढू नका.

काही भाग चमकतो, काही मेलेला दिसतो. तेल खाली शोषलं गेलं. पूर्ण कोरड्या थरावर अर्धं तेल-अर्धं टर्पेंटाइन चिंधीनं अगदी पातळ चोळा, उरलेलं पुसून घ्या, मग पुढे रंगवा.

एक चूक चित्राआधीची आहे: स्क्रीनवर बोनार पाहून त्याचे रंग उचलणं. एकाच चित्राच्या चार प्रतिमांत पिवळा चार प्रकारचा असतो. त्याची मूळ कामं मुख्यतः फ्रान्स-अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत, ल कान्नेलाही २०११ मध्ये त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं. प्रतिमा पाहायच्या तर संग्रहालयांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर पाहा, आणि त्यातून रंग न घेता मांडणी घ्या: कडा कुठं कापल्या, उजेड कुठून येतो, माणूस कुठं लपलाय.

थांबायचं कधी, कापायचं कुठं

बोनार थांबतच नसे. मिमोसाच्या झाडापाशीच्या स्टुडिओचं त्याचं चित्र १९३९ ते १९४६ असं सात वर्षं चाललं. बागेतल्या तरुणींचं एक चित्र त्यानं १९२१-२३ मध्ये रंगवलं आणि १९४५-४६ मध्ये पुन्हा हाती घेतलं. पॅरिसच्या संग्रहालयात मित्राला पहारेकऱ्याशी बोलत ठेवून त्यानं स्वतःच्याच टांगलेल्या चित्रावर ब्रश फिरवल्याचा किस्सा सांगतात. बदामाच्या मोहराचं शेवटचं चित्र करताना हात चालेना, तेव्हा पुतण्याला सांगून खालच्या कोपऱ्यातला हिरवा पिवळा करून घेतला. त्या कोपऱ्यात हिरवा बसत नव्हता, एवढंच.

तुम्हाला यातून घ्यायचं ते इतकंच: एका बैठकीत एकच शेजार दुरुस्त करा. एखादा रंग चुकीचा वाटला की तो बदलण्याआधी त्याच्या शेजारच्या रंगाला हात घालून पाहा. निम्म्या वेळा दोष तिकडेच असतो. सलग तीन बैठकांत एकही ठिपका लावावासा वाटला नाही तर चित्र भिंतीकडे तोंड करून महिनाभर ठेवा.

मग कापणी. जाड पुठ्ठ्याच्या दोन एल आकाराच्या पट्ट्या घ्या आणि चित्रावर सरकवत चौकट शोधा. बहुतेकांचं चित्र दोनेक बोटं आत घेतल्यावर सुधारतं, विशेषतः माणसाच्या बाजूनं. खांदा कापला जाऊ द्या. कड पेन्सिलनं आखा, पण कापताना चारही बाजूंना चौकटीवर दुमडायला पाच सेंटीमीटर सोडा. तेवढे उरत नसतील तर कड तितकी बाहेर सरकवा. चौकट आधी आणि कापड नंतर असं करू नका. आखलेल्या मापाचीच चौकट सुताराकडून करून घ्या, ४२ बाय ५७ असलं विचित्र माप आलं तरी.

रंग जाड असेल तर ताणायच्या आधी निदान दोन महिने वाळू द्या, नाहीतर दुमडलेल्या कडेला भेगा पडतात. ताणणं ऑक्टोबरनंतर करा. पावसाळ्यात ताणलेलं सुती कापड हवा कोरडी झाली की आवळतं आणि कच्ची चौकट पिळवटते. वॉर्निश सहा महिने ते वर्षभरानं, रंगाचा सगळ्यात जाड ठिपका नखानं दाबला जात नाही याची खात्री करून. चकचकीत नको, मॅट घ्या, म्हणजे खिडकीसमोर टांगलं तरी ठिपके दिसतील.